दोन बोटांची फट

मंगळवारी सातच्या बातम्यांत गव्हाच्या आयातीचं वाक्य वाचता वाचता मुतह्हर अल-जब्रीच्या तोंडातून टक् असा आवाज आला आणि तो सगळ्या प्रांताने ऐकला. निदान त्याला तरी तसंच वाटलं. काचेपलीकडे बसलेल्या तंत्रज्ञ नुअमानने मान वर केली, एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि भुवया चढवून पाहिलं. मुतह्हर वाचत राहिला. पुढच्याच ओळीत एका बंदराचं नाव होतं, तोंड चांगलं उघडल्याशिवाय नीट न उमटणारं. त्याने ते नाव अर्ध्या तोंडाने उरकलं, तरी आवाज आलाच. बातम्या संपल्यावर नुअमान दार ढकलून आत आला आणि म्हणाला, "उस्ताद, आज बातम्यांबरोबर बदामही फोडत होतात की काय?" मुतह्हर हसला, आणि हसतानाही टक् झालं. नुअमानने मायक्रोफोनची मान उगीचच घट्ट केली, जणू दोष तिचाच होता. मुतह्हरला त्याच्या त्या भल्या मनाचाच राग आला. सात महिने तो समजत होता की हा आवाज आपल्या डोक्याच्या आतला आहे, कानाच्या पुढच्या हाडाचा आणि आपला खाजगी मामला आहे, आणि बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नाही. आता तो घराबाहेर पडला होता.

सात महिन्यांत काय कमी केलं होतं त्याने? पहिल्यांदा तो दातांच्या डॉक्टरकडे गेला, आणि दुपारी गेला, हीच चूक झाली. या शहरात दुपारी तीननंतर गाल फुगलेला नाही असा पुरुष दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. जेवण झालं की कात नावाच्या झुडपाचा नशा आणणारा कोवळा पाला पान पान खुडून गालात साठवायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याचा रस गिळत बसायचं, हा इथला दिनक्रम. डॉक्टरचाही डावा गाल फुगलेला होता. त्याने मुतह्हरची कानापुढची सूज पाहिली आणि म्हणाला, आधी पाला थुंकून या, मग बघतो. मुतह्हर म्हणाला, अहो, मी आज अजून एकही पान तोंडात घातलेलं नाही. डॉक्टरने समजूतदारपणे मान हलवली, सगळे असंच म्हणतात या अर्थाने, आणि शेवटी मागची दाढ काढली. दाढ ठणठणीत होती. चिमट्यात धरून डॉक्टरने ती उजेडात फिरवली तेव्हा ते दोघांनाही दिसलं, पण काढलेल्या दाढेविषयी बोलण्यासारखं काही उरत नाही. मग कानाच्या डॉक्टरने थेंब दिले. कान तेलकट झाला, आवाज तसाच. मग सासूबाईंनी एका म्हाताऱ्याला घरी आणलं. त्याने शेगडीत खिळा लाल केला आणि कानामागे टेकवला. तिघांत हा म्हाताराच त्यातल्या त्यात प्रामाणिक, असं मुतह्हरला वाटलं. दुखेल हे त्याने आधी सांगितलं तरी होतं. आता कानामागे मसुराएवढा डाग होता, तोंडात दाढेची रिकामी जागा होती, आणि जेवताना, जांभई देताना, मुलांवर ओरडताना तो आवाज आपल्या वेळेला हजर होत होता.

बुधवारी रेडिओ केंद्राचे संचालक उस्ताद हमूद यांनी बोलावलं. हमूद वाईट माणूस नव्हता, आणि हेच अवघड होतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी चहा मागवला, घरच्यांची खुशाली विचारली, आणि मग चहाचा पेला हातातल्या हातात फिरवत सांगितलं की वरून फोन आला होता. रमजानला एकवीस दिवस राहिले आहेत. रमजानात रोजा सोडून माणसं बसतात आणि रेडिओ लावतात, तेव्हा सातच्या बातम्या ऐकत नाही असं घर प्रांतात नसतं. त्यात टक्‌टक् चालायची नाही. तोपर्यंत बरं वाटलं तर ठीक, नाहीतर रमजानपासून गमदान वाचेल आणि मुतह्हरने ध्वनिफितींच्या खोलीत बसायचं. पगार तोच, असंही ते म्हणाले. गमदान सव्वीस वर्षांचा होता, त्याचा आवाज तुपासारखा होता आणि वाचलेल्यातलं त्याला काहीही कळत नसे. मुतह्हरने मान डोलावली. ध्वनिफितींच्या खोलीला खिडकी नाही हे त्याला आठवलं, आणि गावी वडिलांना, आबांना, हे कुणी सांगायचं, तेही आठवलं. बारा वर्षं आबांचा आणि त्याचा रोजचा संबंध तेवढाच होता: संध्याकाळी सात वाजता तो बोलायचा आणि ते ऐकायचे. नंतर त्यांच्याशी बोलायला सालिहच्या दुकानात फोन करावा लागायचा, आणि त्या फोनचा आवाज एवढा मोठा की दोन्हीकडचं बोलणं निम्मं गाव ऐकायचं.

डॉक्टर इब्तिहालचं नाव त्याच्या बायकोने, तकिय्याने, शोधून काढलं, बायकांच्या बैठकीत. तिथे दर तिसऱ्या बाईच्या कानापुढे दुखत होतं आणि एकीनेही ते नवऱ्याला सांगितलेलं नव्हतं. डॉक्टर कैरोहून शिकून आलेली, चाळिशीची, बुरख्यातून डोळे तेवढे दिसत होते आणि ते दमलेले होते. तिने त्याच्या दोन्ही कानांत करंगळ्या ठेवल्या आणि म्हणाली, उघडा, मिटा, पुन्हा उघडा. दुसऱ्याच्या बोटांखाली आपलं हाड घसरताना त्याला फार ओशाळल्यासारखं झालं. मग तिने लहान पट्टी दातांशी धरली. चौतीस मिलिमीटर. चांगल्या जबड्यात आपलीच तीन बोटं उभी मावतात, तुमची अडीच मावतात, ती म्हणाली. खालचं हाड कवटीला जिथे अडकवलेलं असतं तिथे मधे एक चकती असते, लहान उशीसारखी. ती पुढे सरकते, तोंड उघडलं की उडी मारून जागेवर येते, आणि तो उडीचा आवाज. दाढेचा काही संबंध नव्हता. एवढं ऐकल्यावर मुतह्हरला रडू येईल असं वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं की ही गोष्ट खरी आहे आणि तिला नाव आहे. मग तिने कारणं विचारली. पाला किती वर्षं? बावीस. कोणत्या बाजूला? डाव्या. रोज किती तास? चार, कधी पाच. "रात्री दात खाता?" मुतह्हर नाही म्हणाला. पडद्याशी बसलेली तकिय्या म्हणाली, "डॉक्टरीणबाई, जात्यावर ज्वारी दळल्यासारखे खातात. दोन वर्षं झाली. मी उठून त्यांच्या हनुवटीवर हात ठेवते, मग थांबतात." मुतह्हरने वळून तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षं ही बाई रात्री उठत होती आणि तिने सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाहीस, असं त्याने नंतर रस्त्यात विचारलं, तर ती नेहमीसारखी मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाली, "काय सांगायचं, अबू नश्वान? दिवसा तुम्ही कुठे काय सांगता?"

उपचार ऐकायला सोपा होता, म्हणूनच वैताग आणणारा. पाला बंद. मऊ खायचं. कढत फडक्याने शेकायचं. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची. ओठ मिटलेले, दात मात्र एकमेकांपासून सुटे, जीभ टाळूला. रात्री दातांवर बसवायला तिने साच्यातून काढलेली प्लास्टिकची पट्टी दिली. पहिल्या रात्री ती तोंडात घालून मुतह्हर पाठीवर पडला आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपले दात दिवसभर एकमेकांना घट्ट धरून असतात. सुटे ठेवायचे म्हटलं की वाटायचं तोंडातून काहीतरी सांडेल. तकिय्या रोज असीद करायची, पिठाचा तो मऊ गोळा, मधे रश्शाचं आळं, आणि चौथ्या दिवशी त्या गोळ्याकडे पाहूनच त्याचं डोकं फिरलं. पण खरी पंचाईत पाल्याची होती. पाला सोडायचा म्हणजे बैठक सोडायची, आणि बैठक सोडायची म्हणजे केंद्रातून उठायचं. बातम्या कोण वाचणार, कुणाची बदली, कुणाला सुट्टी, हे कचेरीत कधीच ठरत नसे. ते दुपारी हमूदच्या माडीवरच्या लांब खोलीत ठरे, भिंतीला टेकून, उशीवर कोपर रोवून. तिथे रिकाम्या गालाने बसणं म्हणजे यजमानाच्या ताटाला हात न लावण्यासारखं. एक जण असा बसला होता मागे, पोटाच्या आजाराने. आठवडाभर लोक त्याच्यासमोर जपून बोलले, मग तो कुणाची चुगली करतो का याची चर्चा झाली, आणि महिन्याभरात त्याची किनाऱ्यावर बदली झाली. म्हणजे पाला खाल्ला तर जबडा जातो, नाही खाल्ला तर जागा जाते. हे डॉक्टरला समजावून सांगता सांगता त्याचाच जबडा दुखायला लागला.

तरी तो गेला, हातात पाल्याची जुडी घेऊन गेला, पानं खुडून मांडीवर ठेवत राहिला आणि तोंडात एकही घातलं नाही. आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. डाव्या कानापुढची सूज पुरेशी होती. हमूदच्या मेहुण्याने तर तिरक्या नजरेने त्याचा गाल जोखला आणि म्हणाला, "मुतह्हर, आज माल कुठून आणलास रे? बघा, दोन तासांत कसा भरलाय." सगळे कौतुकाने हसले. मुतह्हरही हसला, मूठ हनुवटीखाली धरून. ज्या दुखण्यापायी तो इथे चोरासारखा बसला होता त्याच दुखण्याने त्याची लाज राखली होती, आणि याबद्दल आनंद मानावा की उशी फेकून मारावी हे त्याला कळेना. गमदान दाराजवळच्या जागेवरून गेल्या आठवड्यापेक्षा तीन उशा वर, हमूदच्या जवळ सरकलेला त्याने पाहिला. बोलणं रंगलं, विजेच्या कंपनीपासून नुअमानच्या नव्या जावयापर्यंत सगळ्यांची धुलाई झाली, आणि मग नेहमीसारखी उन्हं डोंगरामागे गेली आणि खोलीत सुलेमानी घटका उतरली. या वेळी पाला अंगात भिनतो आणि कुणीच बोलत नाही. वीस माणसं, वीस फुगलेले गाल, खिडकीच्या रंगीत काचा विझत चाललेल्या, आणि प्रत्येक जण आपापल्या विहिरीत उतरलेला. पूर्वी ही घटका मुतह्हरला आवडायची. आता पाल्याशिवाय, कोऱ्या डोक्याने त्यात बसायचं म्हणजे अडकून पडणं होतं, आणि तिथे दर वेळी एकच गोष्ट त्याला गाठायची: ते बैत शुबैरचं पाणी.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातात एक कागद आला होता, इतर कागदांसारखाच. बैत शुबैर गावाची पाणीयोजना पूर्ण झाली असून आजपासून गावात नळाचं पाणी सुरू झालं आहे. आपल्याच गावाचं नाव वाचताना त्याचा आवाज थोडा वर गेला होता, हे त्याला आठवतं. छातीतून आनंद आला होता, आणि तो त्याने रोखला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे आबांनी गाढवावर खोगीर घातलं, सहा पिवळे डबे लावले आणि मशिदीजवळच्या नव्या नळावर जाऊन उभे राहिले. नळ होता. नावं कोरलेला दगडही होता. पाणी नव्हतं, पाइपच टेकडीच्या पलीकडे संपत होता. लोकांनी सांगितलं, म्हातारबा, घरी जा. आबा म्हणाले, मुतह्हरने सांगितलंय. दुपारची नमाज झाली, तरी ते तिथेच. मुतह्हरने सांगितलंय. संध्याकाळी ते गाढव घेऊन दरीतल्या जुन्या विहिरीवर गेले आणि अंधार पडता पडता भरलेले डबे घेऊन चढून आले, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. हे सगळं त्याला चुलतभावाने फोनवर हसत हसत सांगितलं. तेव्हापासून सालिहच्या दुकानात सातच्या बातम्या लागल्या की कुणीतरी हमखास म्हणायचं, "खोगीर घाला रे गाढवावर, मुतह्हर बोलतोय." आबा तिथेच बसलेले असायचे. मुलाने त्यांना सगळ्या गावासमोर तोंडघशी पाडलं होतं आणि त्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. ईदला तो गेला तेव्हा त्यांनी द्राक्षांची, पावसाची, नश्वानच्या शाळेची चौकशी केली. त्यांनी एकदा ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत, म्हणून मुतह्हरला माफी मागता आली नाही. त्यानंतरही तो रोज कागद वाचत राहिला, रस्ते पूर्ण झाले, दवाखाने उघडले, गावकऱ्यांनी आनंद व्यक्त केला, आणि दर ओळीला दात एकमेकांवर येऊन बसत गेले. दोन वर्षं, तकिय्या म्हणाली होती. त्याने हिशोब जुळवला आणि लगेच सोडूनही दिला, कारण अशी कारणं डॉक्टरच्या चिठ्ठीत बसत नाहीत.

उपचाराच्या चौदाव्या दिवशी आवाज गेला. गुरुवारी सातच्या बातम्या त्याने वाचल्या, बंदरांची नावं वाचली, मंत्र्यांची लांबलचक नावं वाचली, आणि एकदाही टक् झालं नाही. नुअमानने काचेमागून दोन्ही हात वर केले. तोंड थोडं जड वाटत होतं, पण आनंदात तेवढं चालतं. हमूदने खांद्यावर हात टाकून सांगितलं, झालं तर मग, रमजान तुझाच. घरी तकिय्याने मधात भिजवलेली पदरांची भाकरी केली आणि मुतह्हरने आवाज गेला, आवाज गेला असं मुलांना तीनदा सांगितलं. सकाळी उठून आरशासमोर दात घासायला तोंड उघडलं तर ते दोन बोटांएवढं उघडलं आणि थांबलं. त्याने जोर लावला. दार आतून कुणी धरून ठेवावं तसं ते तिथेच राहिलं, आणि कानापासून कानशिलापर्यंत अशी कळ आली की त्याने बेसिनची कड पकडली.

डॉक्टर इब्तिहालने मोजपट्टी लावली. बावीस. "आवाज थांबला तेव्हा यायला हवं होतं," ती म्हणाली. "लोकांना वाटतं बरं झालं, मिठाई वाटतात. आता चकती पुढे सरकली ती तिथेच बसलीय. उडी मारून परत येत नाही, म्हणून आवाज नाही, आणि वाटेत बसलीय म्हणून तोंड उघडत नाही." मुतह्हरला काल रात्रीचा मध आठवला. तिने हातमोजे घातले, अंगठे त्याच्या खालच्या दाढांवर टेकवले आणि जबडा खाली आणि पुढे ओढला, पुन्हा, पुन्हा. तिच्या कपाळावर घाम आला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी. एक मिलिमीटर मिळाला. काही जणांची चकती लगेच बसते, काहींची महिन्यांनी, काहींचा सांधा तिच्याशिवायच जगायला शिकतो, ती म्हणाली. नाहीच झालं तर राजधानीत, सनाला, सुई घालून सांधा धुतात, तेही आहे. आता मात्र व्यायाम, शेक, आणि दोन आठवडे कमीत कमी बोलणं. मुतह्हरने दातांच्या फटीतून सांगितलं की रमजानला पाच दिवस आहेत. "मग?" ती म्हणाली. या 'मग'ला उत्तर देण्याएवढी जागा त्याच्या तोंडात नव्हती. तिला ती बैठक, ती उशी, गमदान, आबा, हे सगळं कसं सांगायचं? तेवीस मिलिमीटरमध्ये बातम्या वाचता येतात, एवढंच त्याने मनाशी ठरवलं. घरी जाऊन त्याने न्हाणीघरात जुन्या कागदांवर सराव केला. ओठ जास्त हलवायचे, जबडा कमी. येत होतं. खालच्या पट्टीत, जरा पुटपुटल्यासारखं, पण स्पष्ट येत होतं, आणि आरशातला तो तोंड न उघडता बोलणारा माणूस बघून त्याला स्वतःची शिसारी आली.

शनिवारी आणि रविवारी त्याने तसंच वाचलं आणि कुणाला शंका आली नाही. सोमवारी, साताला पाच कमी असताना, कागद हातात आले. चौथ्या पानावर, पिकांच्या किडीच्या बातमीखाली, होतं: बैत शुबैर पाणीयोजनेचा दुसरा टप्पा पूर्ण झाला असून नळाला पाणी आल्याबद्दल गावकऱ्यांनी आनंद व्यक्त केला आहे. त्याने ते दोनदा वाचलं. दुसरा टप्पा. परवाच चुलतभाऊ येऊन गेला होता आणि पाइप अजून टेकडीपलीकडेच असल्याचं, त्यात आता पाली राहतात हेही सांगून गेला होता. लाल दिवा लागला. मुतह्हरने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. अकरा मिनिटं जबडा मुकाट्याने चालला. किडीची बातमी संपली. "बैत शुबैर," तो म्हणाला, आणि पुढे काही म्हणाला नाही. त्याला डबे दिसले, पिवळे, आणि त्यांच्यात उभं राहिलेलं एक म्हातारं माणूस. वाक्य समोर होतं. नुअमानने हात हलवला. घड्याळाचा काटा सरकत होता आणि मुतह्हर त्याच्याकडे पाहत होता, हे त्याला स्पष्ट आठवतं. चौदा सेकंद, नुअमानने नंतर सांगितलं. चौदा सेकंद प्रांतभर नुसती खरखर गेली. मग नुअमानने ऊद या तंतुवाद्याची ध्वनिफीत लावली, आणि शेवटचं पान गमदानने वाचलं.

हमूदने आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बाहेर गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि म्हणाले, "वरचे विचारतायत की त्याच गावाच्या नावावर का थांबला. मी म्हटलं, जबडा. सगळ्यांना माहीत आहे तुझा जबडा. आता डॉक्टरकडून तेवढं लिहून आण की तोंड अडकलं होतं. मी मिटवतो. रमजानात तूच वाचशील." मुतह्हरला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला. तो सरळ दवाखान्यात गेला. डॉक्टर इब्तिहालने आधी मोजलं. चोवीस. शुक्रवारपेक्षा वाईट नाही, उलट बरं, ती म्हणाली. त्याने विचारलं, बोलता बोलता एकदम पूर्ण मिटू शकतं का, आणि मग पुन्हा आपोआप सुटू शकतं का? "तुमचं तसं झालेलं नाही," ती म्हणाली. "तुमचा जबडा मी बघितलाय. दोन बोटं उघडं होतं, तेवढ्यात बोलता येतं. तुम्हीच बोलत होतात." तिने आजाराचं लिहिलं, ते खरंच होतं. मग लेखणी थांबवून म्हणाली, "त्या वेळेचं काय लिहू? मी तिथे नव्हते. तुम्ही सांगाल ते लिहिते." मुतह्हर म्हणाला, अडकलं होतं असं लिहा. तिने लिहिलं, सही केली, शिक्का मारला. पाकीट खिशात घालताना त्याचे दात एकमेकांवर येऊन बसले आणि त्याला ते कळलं. आता त्याला प्रत्येक वेळी कळत होतं, एवढा तरी उपचाराचा गुण आलाच होता.

केंद्राच्या वाटेवर तारघर होतं. तिथून आबांना फोन करायचं त्याने ठरवलेलं नव्हतं, किंवा ठरवलं असेल. काहीतरी सांगावं लागणारच होतं. ऐकून काळजीत असतील, आजारी समजतील, जबड्याचं सांगून टाकावं, म्हणजे सगळीकडे एकच गोष्ट राहील. सालिहने फोन उचलला आणि नेहमीप्रमाणे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडून आबांना बोलावलं. आबांचा श्वास आधी आला, मग आवाज.

"काल सगळे इथेच होते," आबा म्हणाले. "तू गावाचं नाव घेतलंस. मी म्हटलं, आता पुन्हा. मी खालीच बघत होतो. आणि तू गप्प झालास. सालिह म्हणतो, रेडिओ बिघडला. मी म्हटलं, रेडिओला काय धाड भरलीय. मग ते वाजवायला लागले, आणि मग दुसरंच कुणीतरी बोललं."

तारघरातला पंखा फिरत होता.

"काल कुणी गाढवाचं नाव काढलं नाही, पोरा," आबा म्हणाले. "दोन वर्षांत पहिल्यांदा. मुकाट्याने उठून गेले सगळे." मग त्यांचा आवाज जरा हलका झाला, काहीही उत्तर आलं तरी ऐकायची तयारी ठेवल्यासारखा. "सूनबाई म्हणत होती, तुझं तोंड दुखतं. नीट उघडत नाही म्हणे. खरं सांग. काल ते अडकलं होतं का?"

पाकिटाचा कोपरा खिशातून छातीला टोचत होता. हो म्हणायला जबडा हलवावाही लागत नाही. मुतह्हरने जीभ टाळूला लावली, दात सुटे केले आणि जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडलं.

"नाही, आबा," तो म्हणाला. "अडकलं नव्हतं. मीच थांबलो."

मग आबांनी फोन तोंडापासून दूर धरला असावा, कारण त्यांचा आवाज लांबून आला, दुकानात बसलेल्या माणसांकडे वळलेला.

"ऐकलंत?" ते म्हणाले.